जेहॉक्सच्या मुलखात: मिनेसोटातली भटकंती

गाण्यासाठी अमेरिकेत जायचं म्हटलं की लोक नॅशव्हिल, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स ही नावं घेतात. मी मिनेसोटाला गेले. कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं, तळ्यांचं आणि कडाक्याच्या थंडीचं हे राज्य. १९८५ मध्ये इथल्या मिनियापोलिस शहरात ‘द जेहॉक्स’ हा बँड सुरू झाला. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, शिकायला इकडे आला तेव्हा त्यानं पुण्याला पाठवलेल्या एका कॅसेटमधून तो माझ्या घरी पोचला आणि तिथेच राहिला.

त्यांच्या संगीताला ऑल्ट-कंट्री म्हणतात. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या कंट्री संगीतातला तो ओढून सोडलेल्या तारेचा, किंचित नाकातला सूर त्यात आहे, रॉकची खरखरीत गिटार आहे. पण या सगळ्याच्या आधी चाल आहे. एकदा ऐकली की भांडी घासताना ओठांवर यावी अशी चाल. या जातीचे बँड बरेच झाले, काही जास्त गाजलेही. पण मातीचा वास आणि गोड चाल यांतलं काहीच हातचं न सोडणारा दुसरा बँड मला तरी सापडलेला नाही. हे सूर कुठल्या जमिनीतून आले ते बघायचं होतं. सप्टेंबरचा शेवट होता, सोयाबीन पिवळं पडलं होतं आणि पहाटे स्वेटर लागत होता.

गुरुवार: मिनियापोलिस

विमानतळावरून लाइट रेलनं थेट शहराच्या मध्यात येता येतं. सामान दादाच्या घरी, ईडन प्रेअरीला, आधीच पोचलं होतं. त्यामुळे मी मोकळ्या हातांनी वेअरहाउस डिस्ट्रिक्टच्या स्टेशनवर उतरले आणि चालत ‘फर्स्ट अॅव्हेन्यू’ला गेले.

ही इमारत मूळची ग्रेहाउंड बसचं स्थानक. १९७० मध्ये तिथे क्लब सुरू झाला. बाहेरून सगळी काळी आणि त्या काळ्या भिंतीवर पांढऱ्या चांदण्या, प्रत्येकीत इथे वाजवून गेलेल्या एकेका कलावंताचं नाव. इथल्याच प्रिन्स या गायकाची चांदणी मात्र सोनेरी आहे. २०१६ मध्ये तो गेल्यावर ती रंगवली गेली. त्या दुपारीही तिच्याखाली कुणीतरी जांभळी फुलं ठेवली होती. जेहॉक्सची चांदणी शोधत मी भिंतीकडेनं चालत राहिले. सापडली तेव्हा शेजारच्या बाकावर बसलेले एक आजोबा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “चांगले लोक आहेत ते. अजून गातात.” एवढंच. पण परक्या गावात आपल्या आवडीला कुणी असा दुजोरा दिला की फार बरं वाटतं.

ऐंशीच्या दशकात या शहराचा संगीतात दबदबा होता. एकीकडे प्रिन्स, दुसरीकडे हुस्कर डू, द रिप्लेसमेंट्स आणि सोल असायलम असे दणदणीत वाजवणारे बँड. त्या गोंगाटात मार्क ओल्सननं अकूस्टिक गिटार घेऊन चक्क कंट्री गायचं ठरवलं. बासवर मार्क पर्लमन आला आणि मग गॅरी लुरिस, गिब्सन एसजी गिटार आणि उंच, हळवा आवाज घेऊन. आज हे साधं वाटतं. पण त्या वेळी शहरातल्या तरुणांच्या लेखी कंट्री म्हणजे आजोबांच्या रेडिओवरचं संगीत होतं. ते मनापासून गायला धाडस लागलं असणार.

तिथून ‘इलेक्ट्रिक फीटस’ या रेकॉर्डच्या दुकानात गेले. १९६८ पासूनचं दुकान, लाकडी जमीन, पाऊल टाकलं की करकरते. काउंटरवरच्या बाईंना जेहॉक्सचं विचारलं तर त्यांनी खणाकडे बोट दाखवलं नाही, स्वतः उठून आल्या. ‘ब्लू अर्थ’ हातात देत म्हणाल्या, “इथून सुरुवात कर.” १९८९ चा हा अल्बम ट्विन/टोन या इथल्याच कंपनीनं काढला. त्याआधी १९८८ मध्ये मोटार अपघातात जखमी झाल्यावर लुरिस बँडमधून बाहेर पडला होता. या अल्बमच्या निमित्तानं तो परत आला. पुढची गोष्ट इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. जॉर्ज ड्राकुलियस या निर्मात्यानं ट्विन/टोनच्या कचेरीत फोन लावला होता. फोनवर बोलताना पलीकडे मागे काहीतरी वाजत होतं. त्यानं बोलणं थांबवून विचारलं, हे कोण? ते ‘ब्लू अर्थ’ होतं. त्यातून मोठ्या कंपनीचा करार झाला.

जेवायला वाइल्ड राइसचं सूप घेतलं. हा आपला तांदूळ नव्हे, उथळ तळ्यांत उगवणाऱ्या गवताचं बी. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक होडीतून जाऊन काठीनं ओंब्या वाकवतात आणि दाणे होडीत झाडून घेतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हाच त्याचा हंगाम, म्हणजे मी बरोबर वेळेवर आले होते. दाणा काळपट, लांबुडका, शिजला की फुटून उकलतो आणि त्याला भाजल्यासारखा वास येतो. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं, सुपात बहुतेक ठिकाणी चिकन असतं.

रात्री फर्स्ट अॅव्हेन्यूच्याच पोटात असलेल्या ‘सेव्हन्थ स्ट्रीट एंट्री’त गेले. मोठ्या दालनात दीड हजारावर माणसं मावतात, इथे जेमतेम अडीचशे. जेहॉक्स त्या आठवड्यात गावात नव्हते. एक स्थानिक बँड होता आणि त्यांच्याकडे पेडल स्टील गिटार होती. मी मुद्दाम वादकाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. हे वाद्य टेबलासारखं आडवं असतं. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, डाव्या हातानं पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवायची, आणि त्याच वेळी पायांनी पेडल दाबायचे, गुडघ्यांनी टेबलाखालच्या दांड्या ढकलायच्या, म्हणजे वाजत असतानाच तारेचा सूर चढतो किंवा उतरतो. वादक मुलगी पंचविशीची असेल. चेहरा स्थिर, आणि टेबलाखाली दोन्ही गुडघे सारखे हलत होते. कंट्रीतला तो रडवेला सूर गुडघ्यातून येतो हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं ऐकलेली मींड त्या रात्री मला नीट कळली.

शेवटाकडे त्यांनी ‘ब्लू’ घेतलं. १९९५ च्या ‘टुमॉरो द ग्रीन ग्रास’ अल्बमचं हे पहिलं गाणं. पहिल्या ओळीला दोन-चार जण गुणगुणले आणि ध्रुवपदाला खोलीतलं कुणीच गप्प नव्हतं. आणि लोक नुसती चाल म्हणत नव्हते. अर्धे खालचा सूर धरत होते, अर्धे वरचा. ओल्सन आणि लुरिस यांच्या गाण्याची हीच खूण आहे. मुख्य गायक एक आणि साथीला दुसरा, असं तिथे नसतं. दोघं एकाच ओळीला, एकाच वेळी हात घालतात. जात्याच्या एकाच खुंट्याला धरून दोघी ओवी म्हणतात तसं. कुणाचा आवाज कुठे संपला ते सांगता येत नाही, आणि एक बाजूला झाली तर जातं फिरतं, पण ओवी पूर्वीसारखी उरत नाही.

जाणाऱ्यांसाठी: पासपोर्ट जवळ ठेवा, दारात वय तपासतात आणि काही कार्यक्रमांना २१ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. कानात घालायचे बोळे न्या. लहान खोलीत ड्रम फार जवळ असतात.

शुक्रवार: कार्व्हर काउंटी

आज दादानं सुटी काढली होती. आम्ही पश्चिमेला निघालो. चॅनहॅसनमध्ये रस्त्यालगत प्रिन्सचं पेस्ली पार्क हे घर-स्टुडिओ लागतं, पांढरं, जवळजवळ बिनखिडक्यांचं. दादा रोज ऑफिसला जाताना ते बघतो. आणि आम्हाला जिथे जायचं होतं तो, जेहॉक्सच्या एका अल्बमच्या कव्हरवरचा हॉलीवूड टाउन हॉलही याच काउंटीत. चमचमत्या जांभळ्या पोशाखातला प्रिन्स आणि बर्फात फोटो काढून घेणारे जेहॉक्स एकाच जिल्ह्याच्या नकाशावर सापडतात, याचं मला दिवसभर नवल वाटत राहिलं.

वाटेत मिनेसोटा विद्यापीठाचं बागशास्त्राचं संशोधन केंद्र आणि आर्बोरेटम, म्हणजे वृक्षोद्यान, आहे. हनीक्रिस्प सफरचंदाची जात इथल्या संशोधनातून आली, १९९१ मध्ये ती बाजारात आणली गेली. हंगाम ऐन भरात होता. चावल्यावर असा कडाड आवाज होतो की शेजारचा माणूस वळून बघतो. रस आंबटगोड आणि एवढा की मनगटापर्यंत ओघळतो. वहिनीनं डब्यात दिलेली थालीपिठं आणि त्यावर ही सफरचंदं, असा आमचा नाश्ता गाडीच्या बॉनेटवर झाला.

पुढे घरं विरळ होत गेली. वॉटरटाउन, मेयर अशी छोटी गावं, धान्याची उंच कोठारं, चर्चचे सुळके. मका वाळून कागदासारखा वाजत होता. जमीन सपाट म्हणावी तर तशी नाही, हलकेच वर-खाली होते. रस्ते मात्र काटकोनात. अमेरिकेच्या या भागात एकोणिसाव्या शतकात सहा मैल बाय सहा मैल असे चौकोन आखून जमीन मोजली गेली, त्या चौकोनांवरून टाउनशिप ठरल्या. हॉलीवूड ही त्यांतलीच एक. कॅलिफोर्नियातल्या सिनेमानगरीशी तिचा काही संबंध नाही. टाउन हॉल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयासारखं काम. मिनेसोटात मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी प्रत्येक टाउनशिपची वार्षिक सभा भरते. गावातले मतदार येतात, हात वर करून रस्त्यांसाठी किती कर लावायचा ते ठरवतात.

हॉल साधा आहे, आणि मला तो तसाच हवा होता. भोवती शेतं, वर मोठं आभाळ, वाऱ्याला कुठेच अडथळा नाही. १९९२ च्या ‘हॉलीवूड टाउन हॉल’ अल्बमच्या कव्हरवर याच जागेचा हिवाळ्यातला फोटो आहे. आम्ही गाडीची दारं उघडी ठेवून तो अल्बम लावला. पहिलंच गाणं ‘वेटिंग फॉर द सन’. लुरिसची गिटार भसकन पेट घेते, आणि मागे पियानो आणि ऑर्गन. या अल्बमवर निकी हॉपकिन्स आणि बेनमाँट टेंच यांच्यासारख्या नावाजलेल्या कीबोर्डवादकांनी साथ दिली आहे. तरी कुठेही भपका नाही. गाण्यांत मोकळी जागा भरपूर आहे, दोन ओळींच्या मध्ये थांबायला सवड आहे. इथे उभं राहिल्यावर त्या मोकळ्या जागेचं माप समजलं. पुढचं घर दिसतं, पण तिथे हाक पोचत नाही.

एक शेतकरी पिकअप थांबवून खाली उतरले. अनोळखी गाडी, उघडी दारं, मोठ्यानं गाणी, म्हणून चौकशीला आले असणार. दादानं सांगितलं की ही बहीण पुण्याहून हा हॉल बघायला आलीय. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “म्हणजे त्या रेकॉर्डसाठी. येतात अधूनमधून लोक.” मग ते वीसेक मिनिटं थांबले. संगीतावर फार बोलले नाहीत. सोयाबीनची शेंग तोडून माझ्या तळहातावर ठेवली, कानाशी हलवायला सांगितली. आत दाणे खुळखुळले तर कापणीला तयार. “अजून चार दिवस, पाऊस आला नाही तर.” विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनबद्दल त्यांनी बारकाईनं विचारलं: किती क्विंटल, भाव काय, काढणीच्या वेळी पाऊस गाठतो का? गाठतो, म्हटलं. त्यांनी मान हलवली. दादा भाषांतर करत होता, पण या प्रश्नाला त्याची गरज पडली नाही.

जाणाऱ्यांसाठी: गाडीशिवाय इथे पोचता येत नाही. सभा नसताना हॉल बंद असतो, बाहेरूनच बघायचा. शेतं खाजगी आहेत, फोटोसाठी आत शिरू नका. कापणीच्या दिवसांत रस्त्यावर अवाढव्य यंत्रं संथ चालत असतात, त्यांना ओलांडायची घाई नको. संध्याकाळी हरणं आडवी येतात.

शनिवार: ब्लू अर्थ

आज गाडी वहिनीकडे होती. १६९ नंबरच्या हमरस्त्यानं मिनेसोटा नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला. जॉर्डनजवळ पिवळ्याधमक रंगाचं प्रचंड कोठार आहे, आत गोळ्या-चॉकलेटांचं आणि सफरचंदाच्या पायचं दुकान. मुलं सोबत असतील तर तासभर तरी धरून चाला.

वाटेत वहिनी आणि मी बँडच्या ताटातुटीबद्दल बोलत होतो. ‘टुमॉरो द ग्रीन ग्रास’ आला त्याच वर्षी, १९९५ मध्ये, ओल्सन बँड सोडून गेला. गायिका व्हिक्टोरिया विल्यम्स तेव्हा त्याची पत्नी होती. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार होता. दोघं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, जोशुआ ट्री परिसरात राहायला गेले आणि तिथे घरगुती पद्धतीनं, हवं तसं गात राहिले. बँडमध्ये बाकीच्यांनी नाव तसंच ठेवून पुढे जायचं ठरवलं. १९९७ चा ‘साउंड ऑफ लाइज’ त्या पडझडीतून आला. त्यात कंट्री कमी, उदास पॉप जास्त. पुष्कळांना तो परका वाटला. मला तो फार जवळचा आहे. खुंट्यावरचा दुसरा हात गेल्यावर लुरिसनं त्याचं दुःख लपवलं नाही आणि जुनी लकबही उसनी आणली नाही. कीबोर्डवादक कॅरन ग्रोटबर्ग आणि ड्रमर टिम ओ’रेगन यांचे आवाज हळूहळू पुढे आले. २००३ च्या ‘रेनी डे म्युझिक’पर्यंत पुन्हा सगळं मोकळं, अकूस्टिक झालं होतं. २०११ मध्ये ओल्सन एका अल्बमपुरता परत आला, ‘मॉकिंगबर्ड टाइम’. वहिनीचं म्हणणं असं की तुटलेली जोडी पुन्हा बसवू नये. माझं म्हणणं, ती चारदोन गाणी ऐकायला मिळाली तरी पुष्कळ. मँकेटो आलं तरी आमचं मिटलं नव्हतं.

मँकेटोत ब्लू अर्थ नदी मिनेसोटा नदीला मिळते. नदीकाठी रेकन्सिलिएशन पार्क आहे. २६ डिसेंबर १८६२ रोजी या मुलखाचे मूळ रहिवासी असलेल्या डकोटा लोकांपैकी ३८ जणांना इथे एकाच वेळी फाशी दिलं गेलं. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. स्मारकावर त्या सगळ्यांची नावं आहेत. मी ती एकेक वाचली. काल ज्या काटकोनी शेतांचं मला कौतुक वाटलं होतं, ती कुणाच्या जमिनीवर आखली गेली हे इथे येऊन बघायलाच हवं. या मुलखाच्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्यानं ही जागा टाळून पुढे जाऊ नये.

दुपारी मिनिओपा स्टेट पार्कचा धबधबा आणि बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे. २०१५ पासून इथे गव्यांचा कळप सोडला आहे. गाडीतूनच बघायचे, काचा वर करून. एक गवा रस्त्यात आडवा उभा राहिला आणि मग हलेचना. त्याच्या मानेवरच्या लोकरीत गवताची कुसळं अडकलेली दिसत होती. तेवढ्यात आभाळ भरून आलं, वारा फिरला आणि अर्ध्या तासात पारा एवढा उतरला की आम्ही मागच्या सीटवरची चादर ओढून घेतली.

पावसातच ब्लू अर्थ गावी पोचलो. जेहॉक्सच्या अल्बमला जे नाव आहे तेच नदीला, गावालाही आहे. गाव मात्र प्रसिद्ध आहे डबाबंद भाज्यांच्या ‘जॉली ग्रीन जायंट’मुळे. त्याचा सुमारे ५५ फुटी हिरवा पुतळा, कमरेवर हात ठेवून, पावसात हसत उभा होता. बॉस्टनपासून सिएटलकडे जाणाऱ्या आय-९० महामार्गाचे दोन तुकडे १९७८ मध्ये याच गावाजवळ जोडले गेले. एका खानावळीत टेटर टॉट हॉटडिश खाल्लं: खाली खिमा आणि घट्ट सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत वड्यांच्या रांगा. वाढणाऱ्या काकूंनी न मागता दुसऱ्यांदा वाढलं, “थंडीत एवढं लागतंच” म्हणत. सोयाबीनवाल्या काकांची मला आठवण झाली. पावसानं चार दिवस वाट पाहिली नव्हती.

जाणाऱ्यांसाठी: स्टेट पार्कला गाडीचा परवाना काढावा लागतो, दारात मिळतो. उन्हाळी कपड्यांसोबत एक जाड कपडा सप्टेंबरातही हवाच.

रविवार: कॅनन फॉल्स

उघडीप मिळाली. आग्नेयेला कॅनन फॉल्सजवळच्या झाडीत पॅकिडर्म स्टुडिओ आहे. ‘हॉलीवूड टाउन हॉल’चं काही ध्वनिमुद्रण तिथलं. पुढे १९९३ मध्ये निर्वाणा या रॉक बँडनंही ‘इन युटेरो’ हा अल्बम तिथेच मुद्रित केला. स्टुडिओ खाजगी आहे, बघायला जाता येत नाही, म्हणून आम्ही त्या नादाला न लागता गावातून सायकली भाड्यानं घेतल्या. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली कॅनन व्हॅली ट्रेल रेड विंगपर्यंत जाते, साधारण वीस मैल. बाजूनं नदी, मेपलची पानं नुकती लाल व्हायला लागलेली. आम्ही निम्म्यातून परतलो, कारण दादाला सोमवारी ऑफिस होतं.

जेहॉक्स कधीच ऐकले नसतील तर वाटेवर या क्रमानं ऐका. शहरातून बाहेर पडताना ‘टुमॉरो द ग्रीन ग्रास’, त्यातल्या चाली लगेच धरतात. शेतं सुरू झाली की ‘हॉलीवूड टाउन हॉल’. पाऊस लागला तर ‘साउंड ऑफ लाइज’, आणि परतीला ‘रेनी डे म्युझिक’. ‘ब्लू अर्थ’ शेवटी ठेवा. त्या दुकानातल्या बाईंनी मला सुरुवातीला दिला खरा, पण त्यातली ‘टू एंजल्स’ आणि ‘मार्टिन्स साँग’ ही गाणी पुढे ‘हॉलीवूड टाउन हॉल’मध्ये पुन्हा मुद्रित झाली. आधी ती पक्की रूपं कानात बसू द्या. मग हे जुने, कच्चे मुखडे ऐकताना दोघांचे आवाज एकमेकांना कसे शोधत होते ते ऐकू येतं.